खारजमीन राज्यमंत्र्यांचे सर

या राज्यात आजवर जेवढी मंत्रिमंडळं झाली ती सगळी आधी माझ्या थोरल्या साडूंच्या बैठकीच्या खोलीत झाली आणि मग राजभवनावर, अशी आमच्या सासुरवाडीत पक्की समजूत आहे. समजूत सर्वस्वी खोटी आहे. पण साडूंच्या मनात ती इतकी घट्ट बसलेली आहे, की खुद्द राज्यपाल येरवड्याला त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर चढून आले आणि म्हणाले, "अहो, तुमच्या यादीतला एकही माणूस आम्ही घेतलेला नाही," तरी साडू त्यांना आधी बसायला सांगतील, पाणी देतील आणि शांतपणे म्हणतील, "मग चूक तुमची झाली."

साडू निवृत्त शिक्षक. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या थोडं पुढं एका शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र हा आपल्याकडे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. मुलं तो परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचतात, दुसऱ्या दिवशी दुपारी विसरतात आणि मोठी होऊन राज्य चालवतात. या गोष्टीचं दुःख साडूंना जन्मभर पुरलं आहे. घरात त्यांना सगळेच 'सर' म्हणतात. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई, तीही 'सर'च म्हणते. आणि ती जेव्हा 'अहो सर' म्हणते तेव्हा घरात काहीतरी बिनसलेलं आहे हे आम्हाला शेजारच्या खोलीतसुद्धा कळतं.

माझ्या मुलीच्या लग्नात सरांनी खातेवाटप केलं होतं. आम्हा दोघांच्याही बायका वऱ्हाडातल्या, त्यामुळे विभागीय समतोल हा त्यांच्या चिंतेचा पहिला मुद्दा. भोजन आणि आहेर ही दोन्ही वजनदार खाती पुण्याकडं गेली तर अमरावतीची मंडळी नाराज होतील, म्हणून त्यांनी आहेर अमरावतीला दिला, भोजन पुण्याला ठेवलं, आणि माझ्या बायकोच्या मामांना पाणीपुरवठा दिला. मामा एका मोठ्या बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पिण्याच्या पाण्याचे जार मोजायचे? ते सीमांतपूजनाच्या सकाळी नॉट रीचेबल झाले. आम्ही सगळे घाबरलो, मामी रडायला लागल्या, आणि सर मात्र खुर्चीत मागं रेलून समाधानानं म्हणाले, "याचा अर्थ वाटप बरोबर झालंय. कुणीच नाराज नसेल तर समजायचं, खाती कमी पडली नाहीत, माणसं कमी पडली." मामा दुपारी कार्यालयाशेजारच्या लॉजमध्ये झोपलेले सापडले. सरांनी त्यांना उपमुख्यमंत्री केलं तेव्हा ते जेवायला बसले.

मी स्वतः राजकारणाच्या बातम्या बघणं सोडून दिलेला माणूस. कोण कुठल्या पक्षात आहे हे सकाळच्या चहाला कळावं आणि दुपारच्या चहापर्यंत ते खोटं ठरावं, असं दोन-चारदा झाल्यावर मी टीव्हीवर फक्त हवामान बघायला लागलो. तेही हल्ली तसंच वागतं. पण सरांपासून सुटका नव्हती. ते येरवड्याहून बसनं आमच्या खराडीच्या सोसायटीत येत. आमच्याकडे फाटकावर पाहुण्याचं नाव आणि भेटीचं कारण मोबाइलवर भरून घेतात. एकदा इंटरकॉम वाजला आणि नवा सुरक्षारक्षक मला म्हणाला, "सर, नीचे मंत्रिमंडल विस्तार आया है. भेज दूँ?" मी काय म्हणणार! नको म्हणण्याचा अधिकार या राज्यात कुणालाच नाही.

शपथविधी ते आमच्याच टीव्हीवर बघत, कारण आमचा टीव्ही मोठा, आणि त्यांच्या घरी ताईनं त्या वेळात सत्संग लावलेला. बघायचे ते उभ्यानं. राष्ट्रगीत संपलं तरी बसायचे नाहीत. एकेकाची शपथ ते ओठांतल्या ओठांत म्हणायचे आणि अडखळला की बोट वर करायचे. "हा 'ममत्वभाव' म्हणताना थांबला. याला महसूल देऊ नका." त्यांनी असं सांगितलेल्या माणसालाच नेमका महसूल मिळायचा. "आणि याला 'आकस' अगदी सहज म्हणता आला, बघितलंत? सवय आहे." ज्या पक्षाचं सरकार असेल त्या पक्षाबद्दल त्यांना ममत्व नव्हतं आणि विरोधात असेल त्याच्याबद्दल आकस नव्हता, त्या शपथेतल्या अटी पाळणारा एवढाच एक माणूस माझ्या पाहण्यात आहे आणि त्याला कुणी शपथ दिलेली नाही.

आता त्या औटघटकेच्या सरकारची गोष्ट. तीन गटांनी मिळून ते केलेलं होतं आणि तिघांचाही एकमेकांवर इतका अविश्वास, की पहिले कितीतरी दिवस दोघंच जण शपथ घेऊन सगळं राज्य सांभाळत होते. मग एका दुपारी विस्तार झाला. सरांनी त्या यादीचं शवविच्छेदन आमच्या जेवणाच्या टेबलावर केलं. "याला घेतला, कारण तो नाराज होता. त्याला घेतला, कारण याला घेतल्यावर तो नाराज झाला असता. हे गेल्या सरकारात होते, त्याच्या आधीच्यातही होते. सरकार बदललं तरी हे राहतात, दालनातल्या कपाटासारखे. हे दोघं एकाच जिल्ह्यातले, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून दोघांना घेतलं. आता दोघांचीही फाइल एकमेकांकडूनच जाणार. आणि सहा विभागांपैकी एक अख्खा विभाग हे लोक विसरलेत." सर बोलता बोलता थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. यादीच्या अगदी तळाला, राज्यमंत्र्यांत, शेवटून पहिलं नाव होतं. "ही मंगल," ते म्हणाले, "माझी मंगल आहे."

मंगल त्यांची विद्यार्थिनी. नववीत असताना तिच्या वडिलांनी शाळेतून काढायचं ठरवलं, तेव्हा सर सलग आठवडाभर शाळा सुटल्यावर त्यांच्या गोठ्यात जाऊन बसले होते. काही बोलले नाहीत म्हणे, नुसते बसले. आठव्या दिवशी वडील म्हणाले, "घेऊन जा पोरीला, पण माझ्या म्हशी बुजायच्या बंद होऊ द्या." ती पुढं शिकली, ग्रामपंचायतीत आली, जिल्हा परिषदेत आली, आणि एका पडत्या निवडणुकीत, सगळे पडत असताना, आमदार झाली. मंत्रिमंडळात ती का आली याचंही गणित सरांनी सोडवलं होतं. विस्ताराच्या कच्च्या यादीत एकही बाई नाही म्हणून ओरडा झाला. बाई हवी, ती सगळ्यात लहान गटातली हवी, म्हणजे मोठ्यांचा वाटा जात नाही, ग्रामीण भागातली हवी, आणि कुणाची सून-लेक नको, कारण तशा चार जणी आधीच रांगेत होत्या आणि एकीला घेतलं तर तिघी रुसल्या असत्या. "एवढ्या अटी घातल्यावर उत्तर एकच येतं," सर म्हणाले. मग जरा वेळानं, खालच्या आवाजात, "पण उत्तर बरोबर आलंय हो."

पुढचे नऊ दिवस मंगलला खातंच नव्हतं. गाडी होती, अंगरक्षक होता, मंत्रालयात दालन होतं, दारावर पाटी होती, आणि पाटीवर नावाखाली कोरी जागा होती. सर रोज येत. शिक्षण मिळेल, निदान महिला-बालकल्याण, अगदीच गेलं तर ग्रामविकास, अशा याद्या करत आणि फाडत. नवव्या दिवशी संध्याकाळी खातेवाटप जाहीर झालं. मंगलला मिळालं खारजमीन विकास.

सरांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, चक्कर आली. "अहो साडूभाऊ," अखेर ते म्हणाले, "जिनं जन्मात समुद्र पाहिला असेल-नसेल, जिच्या मतदारसंघात ऊस आहे, तिला खारजमीन? आणि तिकडं कोकणातल्या दोघांना काय दिलंय माहितीय? एकाला दुग्धविकास." बायकोनं चहा ठेवला, तो गार झाला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मंगल होती. आवाज इतका मोठा, की फोन सरांच्या कानाला असूनही मला ऐकू येत होता.

"सर, खारजमीन म्हंजी नक्की काय वो? इथं कुणाला इचारावं तर लाज वाटती. उद्या बैठक हाय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि बत्तीस वर्षांत वर्गात एकदाही न म्हटलेलं वाक्य म्हटलं, "मलाही माहीत नाही. सकाळी आठला फोन कर. तोवर वाचतो."

आणि त्यांनी वाचलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या माणसानं जे आयुष्यात कधी लागलं नव्हतं ते सगळं वाचलं. माझ्या मुलानं इंटरनेटवरून काढलेले कागद, ग्रंथालयातून आणलेली जिल्ह्याची जुनी पुस्तकं, भरती-ओहोटीची कोष्टकं. मग सुरू झाले वर्ग. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर आमची मोठी परात, परातीत कणकेचा लांबलचक बांध, बांधाच्या एका बाजूला मिठाचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला ओळीनं रोवलेल्या कोथिंबिरीच्या काड्या. माझ्या हातात फोन देऊन सर म्हणाले, "नीट धरा, तिला दिसलं पाहिजे." पडद्यावर मंत्रीणबाई आपल्या दालनातल्या भल्यामोठ्या खुर्चीत वही घेऊन बसलेल्या.

"हे मिठाचं पाणी म्हणजे खाडी. ह्या काड्या म्हणजे भात. मधला हा मातीचा बांध. त्याच्या आडोशानं खाऱ्या पाण्यापासून राखलेली ही शेतं, तीच खारजमीन. आता पावसाचं पाणी शेतात साठलं तर बाहेर कसं काढणार? म्हणून बांधात दार ठेवतात. त्याला उघाडी म्हणतात." त्यांनी बाटलीचं झाकण कणकेत बसवलं. "ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरतीला समुद्रच ते दार लोटतो आणि बंद करतो. कळलं?"

"म्हंजी समुद्राला बंद करायला समुद्रच लागतो," मंगल म्हणाली.

"शाबास," सर म्हणाले.

"भाऊजी, ती दुपारच्या पोळ्यांची कणीक आहे," माझी बायको दारातून म्हणाली.

"थांब गं जरा. राज्याचं काम चाललंय." असं म्हणून त्यांनी परात एका बाजूनं उचलली, उधाण कसं येतं ते दाखवायला. बांध मधोमध फुटला, खारं पाणी कोथिंबिरीत शिरलं, तिथून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पायजम्यावर. फोनमधून मंगल खळखळून हसली, आणि मग एकदम थांबून म्हणाली, "सर, पण खरोखरी फुटलं तर माणसं काय करतात?" ते पुस्तकात नव्हतं.

ते बघायला ती स्वतः गेली. त्या सरकारातला तिचा तो एकुलता एक दौरा. रायगडच्या किनाऱ्याला एका गावात बांधाला मोठी खांड पडलेली होती, म्हणजे बांध मधेच खचून उघडा पडला होता, आणि प्रत्येक उधाणाला पाणी आणखी थोडं आत येत होतं. ती चिखलातून चालत खांडेपर्यंत गेली, लोकांशी बोलली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पुढच्या मोठ्या उधाणाच्या आत काम सुरू झालेलं असंल." सरांना ती फोनवर हे सांगत होती तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. फाइल तिनं दोन दिवसांत तयार करून घेतली. राज्यमंत्र्याची सही पुरत नाही, वरच्या मंत्र्यांची लागते. वरचे मंत्री त्या आठवड्यात नाराज होते. त्यांना दुसरं खातं हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत या खात्याच्या कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं.

सरकार पडलं ते एका मंगळवारी. एकूण जेमतेम पाच आठवडे झाले होते. तीन गटांपैकी एक दुसऱ्या बाजूला गेला. कुठला, ते मला आता आठवत नाही आणि आठवून फरकही पडत नाही. त्या दिवशी सर आले नाहीत. मी येरवड्याला गेलो तर ते बंद टीव्हीसमोर बसलेले. ताई म्हणाली, "सकाळपासून असेच आहेत. मी सत्संग लावू का विचारलं तर लाव म्हणाले." ताईचा आवाज घाबरलेला होता.

"माणसं जातात-येतात हो," सर मला म्हणाले. "मी पन्नास वर्षं तेच मोजतोय. कोण आला, कुठल्या भागाचा आला, कुणाच्या बदल्यात आला. त्या पोरीनं मला फोन केला आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? 'सर, फाइल टेबलावरच ऱ्हायली.' गाडी गेली, दालन गेलं, ते नाही म्हणाली." मग खिडकीकडं वळून म्हणाले, "मी मुलांकडून पाठ करून घ्यायचो, मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असतं. एका मुलानं एकदा विचारलं होतं, सर, कुणाला? मी म्हटलं, विधानसभेला. मला त्या वेळी पूर्ण मार्कांचं उत्तर वाटलं होतं ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंगलला माझ्या देखत फोन लावला. "तिथं जाऊन सांगायला हवं," ते म्हणाले.

"काय सांगू सर? माझ्या हातात काय ऱ्हायलंय आता?"

"तेच सांगायचं. ते वाट बघत असतील. बारा दिवसांवर अमावास्येचं उधाण आहे."

"लोक मारतील मला."

"मी पुढं उभा राहीन."

"सर, माझी गाडीबी गेली."

"माझ्या साडूंची आहे," सर म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

रविवारी पहाटे मंगलला हडपसरला घेतलं आणि ताम्हिणी घाटानं उतरलो. मंत्री असताना कशा दिसत असतील ते माहीत नाही, पण माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर डब्यातली चटणी-भाकरी खात बसलेल्या बाई ऊस तोडणीच्या चिंतेत असलेल्या कुठल्याही शेतकरणीसारख्या दिसत होत्या. सर पुढं माझ्या शेजारी, मांडीवर भरतीचं कोष्टक. घाटात एकदा मंगल म्हणाली, "तुम्ही मला नापास का केलं नाही सर कधी? बरं झालं असतं. घरी बसले असते." सर म्हणाले, "तुझा पेपर चांगला असायचा." मंगलनं डब्याचं झाकण लावलं.

गावात शिरलो. शाळेच्या पडवीत पन्नास-साठ माणसं जमलेली, बायका धुवट लुगड्यांत, एका खुर्चीवर नवा टॉवेल अंथरलेला, आणि टेबलावर ताटात हळदकुंकू आणि नारळ. बाई येणार असा निरोप सरांनी ग्रामपंचायतीत दिला होता. का येणार, ते फोनवर सांगणं त्यांना बरोबर वाटलं नव्हतं. त्या लोकांना वाटलं, काम सुरू करायला येतायत.

मंगल खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "सरकार पडलं. माझं मंत्रिपद गेलं. मी तुम्हाला शब्द दिला व्हता, तो मला पाळता येत न्हाई. फाइलवर सही झाली न्हाई. नवीन लोक कवा सही करतील, करतील का न्हाई, मला म्हाईत न्हाई. या उधाणाच्या आत सरकारकडनं कुणी येणार न्हाई. वाट बघू नका." एवढं बोलून ती थांबली. तिनं हात पदराखाली घेतले.

मागं एक म्हातारा खोकत होता, त्याचा खोकला थांबला. मग एक दांडगा तरणा माणूस पुढं आला. "मग आलाव कशाला? हे फोनवर सांगता येत नव्हतं?"

सर पुढं झाले. "मी हिचा मास्तर," ते म्हणाले. "शब्द पाळायचा असतो असं हिला मी शिकवलं. तो पाळता आला नाही तर काय करायचं, ते शिकवायचं राहून गेलं होतं. म्हणून आलो दोघंही."

तो तरणा माणूस त्यांच्याकडं बघतच राहिला. शिव्या देण्याच्या तयारीनं आलेला माणूस समोरचा भांडायलाच तयार नसला की जसा मोकळा पडतो, तसा. पुढच्या रांगेतून काशीबाई नावाच्या, पन्नाशीच्या एक बाई उठल्या. बांधाला लागून पहिलं शेत त्यांचंच. त्यांनी ताटातला नारळ उचलला, दोन्ही हातांत धरून जरा वेळ पाहिला आणि शांतपणे पिशवीत टाकला. "होय म्हणायला आजवर पुष्कळ आले," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायला गाडी घालून कुणी आलं नव्हतं. चहा घ्या." आणि गावाकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना? मग उद्याच्या ओहोटीला घमेली घेऊन या सगळे. आठ दिवस आपलेच आहेत."

चहा झाल्यावर सगळे खांडेपर्यंत गेले. ओहोटी होती. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा बांध पाहिला, उघाडी पाहिली. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, तिचं ते लाकडी दार त्यांनी बोटानं लोटून बघितलं. ते हललं. "हलतं हो," ते मला म्हणाले, जणू मी विश्वास ठेवला नव्हता.

गावानं सहा दिवस ओहोटी साधून माती-दगड टाकले. मंगलनं आपल्या गावातून दोन ट्रॅक्टर आणि पंधरा माणसं मागवली. ती स्वतः काशीबाईंच्या गावातच राहिली. तरीही अमावास्येच्या दुपारी बांध गेला. सगळा नाही. नवी भर टिकली, पण तिच्या पलीकडं, जिथं कुणाचं लक्ष नव्हतं, तिथं दुसरी खांड पडली आणि अर्ध्या गावाची शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. काशीबाईंचं शेत त्यातच गेलं. सरांना फोन त्यांनीच केला. सरांनी पहिलं विचारलं, कुणाला काही झालं का. कुणाला काही झालं नव्हतं. मग म्हणाले, शेताचं काय? काशीबाई म्हणाल्या, "खार उतरायला तीन पावसाळे लागतील. अर्धं वाचलं मास्तर. सही होईल म्हणून बसून राहिलो असतो तर तेही नव्हतं."

त्यानंतर नवं सरकार आलं. त्याच्यातही समतोल साधलेला होता. नाराज होते ते आत गेले, आत होते ते नाराज झाले. खारजमीन कुणाकडं गेली ते मला ठाऊक नाही. मंगल पुढची निवडणूक हरली, फार मतांनी नाही. ती अधूनमधून येरवड्याला येते, सरांच्या पाया पडते, आणि दोघं कोपऱ्यात बसून त्या फाइलचा पाठपुरावा कुठवर आला ते बोलतात. फाइल हलते, पण पुढंच जाते असं नाही. सर आता याद्या करत नाहीत. मागच्या विस्ताराला मी स्वतःहून फोन केला, "सर, येताय ना? टीव्ही लावतो." म्हणाले, "तुम्ही बघा आणि सांगा." मी तो कार्यक्रम एकट्यानं बघितला, आणि मध्येच, कुणीतरी अडखळल्यावर, मागं वळून पाहिलं.

परवा पौर्णिमा होती. मी दुपारी बाराच्या सुमाराला त्यांच्याकडं गेलो होतो. ताईनं दोघांची ताटं वाढली. वरणभात, गवारीची भाजी, ताक. सर हात धुऊन आले, पण पाटावर बसले नाहीत. बाल्कनीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. तिथून समुद्र दीडशे किलोमीटर लांब असेल. ताईनं ताटावर ताट झाकलं आणि मला हळूच म्हणाली, "आज मोठी भरती आहे. दर पौर्णिमेला, अमावास्येला असंच. तुम्ही सुरू करा, ते बसतील मग."

मी त्यांना हाक मारली. "सर, जेवून घ्या. वरण गार होतंय."

त्यांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि माझ्याकडं न वळता म्हणाले, "होऊ दे हो. पाणी उतरू दे, मग बसू."

मी भात कालवायला घेतलेला होता. हात काढून घेतला, आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.